हवेनं न मागितलेली चार बोटं

मिलिंददादाच्या घरी दोन ठिकाणी उदबत्ती लागते. एक दिवाणखान्यात बुद्धमूर्तीपुढे आणि दुसरी स्वयंपाकघरात ट्रकपुढे. हा ट्रक हातभर लांबीचा, लेकीच्या खेळायच्या मातीतून वळलेला. समोर टेबलफॅन, मध्ये उदबत्ती, आणि डोळे बारीक करून धुराकडे बघणारा दादा. धूर ट्रकच्या अंगाला लागून सरळ गेला की तो म्हणतो, "गेनाऊ!" म्हणजे अगदी बरोबर. कुठे भोवरा झाला की भाजीच्या सुरीने तिथली माती खरवडतो. आमच्या इंडियन शॉपवाल्याला वाटतं, इतका भाविक माणूस सबंध जर्मनीत नसेल. फक्त हे गिऱ्हाईक वास कुठला ते विचारत नाही, धूर दाट आहे का ते विचारतं.

श्टुटगार्टजवळच्या एका ट्रक कंपनीत आम्ही दोघं आहोत. मी ट्रकच्या आवाजाचं बघते, दादा हवेचं. तो त्या खात्याचा प्रमुख आहे. कंपनीत ट्रकवर वारा सोडून बघायला मंगल कार्यालयाएवढा वाऱ्याचा बोगदा त्याच्या दिमतीला आहे. मग घरी हे उद्योग कशाला, असं मी एकदा विचारलं.

"अगं मुग्धा, बोगद्याची आधी वेळ ठरवून टेर्मिन घ्यावी लागते. उदबत्तीला टेर्मिन लागत नाही."

एका रविवारी धूर जरा जास्त झाला आणि छताचा धूर हुंगणारा राउखमेल्डर कोकलायला लागला. इमारतीची देखभाल करणारा हाउसमाइस्टर तणतणत वर आला. वहिनींनी घाबरून चहा टाकला. चहा होईपर्यंत तो गृहस्थ दादाशेजारी ओणवा होऊन धूर बघत होता, आणि आपल्या वोनमोबिलच्या, म्हणजे फिरत्या घराच्या गाडीच्या, टपावर काय बसवावं याचा सल्ला घेत होता.

दादाचं एकच पालुपद आहे : "हवेला विचार." इस्त्रीला कुठला शर्ट टाकावा इथपासून कुणाच्या लग्नाला जावं इथपर्यंत. तो राहतो त्सुफेनहाउझेनला. तिथे स्पोर्ट्स कार बनतात, पण त्याला त्यांचं काडीचं कौतुक नाही. "सुरी हवेतून न्यायला काय अक्कल लागते? कपाट नेऊन दाखवा!" वाऱ्यातून चालताना तो खांदा पुढे काढून तिरका चालतो, आणि आपण सरळ चाललो तर आपली कीव करतो. त्याची लेक दहा पावलं मागे राहते आणि म्हणते, "पापा, पाइनलिश!" म्हणजे लाज आणतोस.

खात्यात त्याचा जिवलग वैरी म्हणजे क्राउससाहेब. निवृत्तीला टेकलेला, भल्या मनाचा माणूस. त्याच्या टेबलावर लांब नाकाचा, म्हणजे पुढे बॉनेट काढलेला अमेरिकन ट्रक आहे, खेळण्यातला. चकचकीत बंपर, टपावर भोंगे, धुराडी वर काढलेली. जेवणाच्या सुट्टीत दोघांची रोज जुंपते.

"नाक गेलं की ट्रकचा चेहरा गेला," क्राउस म्हणतो. "ते नाक म्हणजे ऐट आहे, मिलिंद."

"आल्झो, हे बघ, हवेला ऐट कळत नाही."

एकदा त्याने क्राउसच्या खेळण्यासमोरच उदबत्ती धरली. धूर बंपरवर आपटला, सावरून काचेवर आपटला, मग भोंग्यांत अडकला. "बघ, हवा किती ठेचकाळतेय बिचारी," दादा म्हणाला. क्राउसने खेळणं उचलून खणात ठेवलं आणि खणाला कुलूप घातलं.

दादाचा सपाट तोंडाच्या ट्रकवरही तेवढाच राग. इकडच्या नियमांनी ट्रकची लांबी बांधून दिली होती, त्यामुळे मालाची जागा वाढवायला सगळ्यांनी नाकच छाटून टाकलं. आता नियम सैल झाले. हवा नीट वळेल असं थोडं गोल नाक काढायला परवानगी मिळाली आणि आमच्या नव्या ट्रकचं काम दादाकडे आलं. लांब नाकाचे दिवस संपले, सपाट थोबाडाचेही संपले, आता गोल नाकाचा जमाना, असं तो कँटीनमध्ये ताट हातात धरून सांगायचा.

आणि तिथेच या माणसाने आम्हाला कोड्यात टाकलं. बोगद्यात नाकाचं माप ठरलं. हवा खूश, कंपनी खूश. दादा म्हणाला, अजून चार बोटं पुढे काढा. क्राउसने आकडे तपासले. त्या चार बोटांनी हवेचं काहीच भलं होत नव्हतं.

"हवेला विचारलंस का?" क्राउसने त्याचंच वाक्य त्याला ऐकवलं.

"विचारलं. ती काही मागत नाही. मी मागतोय."

तो मीटिंगांमागून मीटिंगांत भांडला. शेवटी कंटाळून वरच्यांनी चार बोटं मंजूर केली. मी कारण विचारलं तेव्हा तो पहिल्यांदाच हवेखेरीज कशाबद्दल तरी बोलला. त्याचे वडील, अण्णा, जालन्याचे ट्रक ड्रायव्हर. उभी हयात नाकवाला ट्रक चालवला. मग शेठने सपाट तोंडाची नवी गाडी घेतली, आणि अंधारात बिनदिव्याच्या उसाच्या ट्रॉलीवर ती आदळली. अण्णांचा उजवा गुडघा तेव्हापासून वाकत नाही. "अण्णा म्हणतात, समोर काय हाय? काच. काचंच्या पल्याड डायरेक मरण. तेव्हापासून त्यांनी ट्रकमध्ये पाय नाही ठेवला, मुग्धा. मी जन्मभर ट्रक बनवतोय आणि माझा बाप माझ्या एकाही ट्रकमध्ये बसलेला नाही."

यंदा कंपनीत कुटुंबीयांसाठी दारं उघडली, त्या दिवशी जालन्याहून आलेले अण्णाही आले. पांढरा पायजमा, वर दादाचं जाडजूड जॅकेट, हातात काठी. नव्या ट्रकभोवती त्यांनी फेरी मारली. नाकावर बोटांनी टकटक केलं. खाली वाकून बघितलं. एरवी हवेवर तासभर बोलणारा दादा गळ्यातलं ओळखपत्र उलटंसुलटं करत राहिला. मला त्याच्याकडे बघवेना.

"नाक हाय म्हणायचं," अण्णा म्हणाले. क्राउसने आधाराला हात पुढे केला, तो त्यांनी बाजूला सारला. काठी माझ्याकडे दिली, दांडी धरली, आणि अंग वर खेचलं. ताठ पाय सगळ्यात शेवटी आत आला. ड्रायव्हरच्या सीटवर बसून त्यांनी तो सरळ पुढे सोडला. आम्ही सगळे त्या पायाकडे बघत होतो. बूट कुठेच टेकला नाही. अण्णांनी वाकून बूट आणि पत्रा यांच्यामध्ये हात घातला. बरोबर चार बोटं मावली.

"मिल्या, पाय पुरायलाय की रे."

"तुमच्याच पायाचं माप घेतलंय, अण्णा. मागच्या दिवाळीत. तुम्ही झोपला होता तेव्हा."

क्राउसला मी जर्मनमध्ये सांगितलं. त्याने टोपी काढली. मला इतका अभिमान वाटला की सांगता येत नाही. जणू तो ट्रक मीच केला होता. हा ट्रक उद्या सगळ्या युरोपात धावेल, त्यात कोण कुठले पोलिश, रुमानियन ड्रायव्हर बसतील, आणि त्यांच्या गुडघ्यापुढे जालन्याच्या एका माणसासाठी मागून घेतलेली जागा असेल.

अण्णांनी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले आणि काचेतून बाहेर बघितलं. मग खाली उभ्या मुलाला म्हणाले, "उभा का राहिलास? क्लीनरबिगर ड्रायव्हर निघतो का कधी?"

आणि आमच्या खात्याचा प्रमुख, गळ्यातलं ओळखपत्र हाताने धरून, ट्रकला वळसा घालून पलीकडच्या दाराकडे पळाला.