खाकरलं की हसायचं

अस्मिताचा बेत इतका पक्का होता, की त्यात कुठे भोक असेल अशी शंकासुद्धा तिला आली नाही. स्वतःच्या हुशारीबद्दल तिला तशी शंका कधीच येत नाही म्हणा!

झालं होतं असं. मुंबईत नशीब काढायला आलेल्या तीन मुलींवरचा एक विनोदी सिनेमा. त्याच्या संवादलेखकाच्या हाताखाली अस्मिता वर्षभर राबली आणि तिचं वाक्य सिनेमात गेलं. हो, एकच! घरमालक बजावतो, "या खोलीत मुलगे येता कामा नयेत." त्यावर नायिका म्हणते, "काका, इथे पाणी येत नाही, मुलगे कुठून येणार?"

मुलुंडच्या घरी तिच्या वडिलांनी, नंदकुमारांनी, जेवताना घसा खाकरला. "या वाक्याला लोक हसले, तर तुझं लेखन चालू दे. नाही हसले, तर सोमवारपासून बँकेच्या परीक्षेचा क्लास." नंदकुमार खाकरल्याशिवाय चहासुद्धा मागत नाहीत.

आता लोकांच्या भरवशावर कोण राहणार? सिनेमाचं संकलन चालू असताना तिने तो पाहिला होता. संकलकच जांभया देत होता! म्हणून तिने आईचं भजनी मंडळ पहिल्या खेळाला न्यायचं ठरवलं. एकीने सूर दिला की बाकीच्यांनी उचलायचा, यात त्या बायका तयार.

"खाकरलं की हसायचं, एकदाच हं," तिने मंडळाच्या कुंदाकाकूंना समजावलं.

"कितपत गं?"

"पोटभर!"

जन्मभर घरात ऐकलेला आवाज माणसाला ऐकूच येत नाही. अस्मिताचंही तेच झालं.

थिएटरात बापलेक पुढे, मंडळ बरोब्बर मागच्या रांगेत. सिनेमात तिघींना वणवण करून साकीनाक्याला एक कोंदट खोली मिळाली. चित्रण मढच्या समुद्रकाठच्या बंगल्यात झालेलं, त्यामुळे त्या कोंदट खोलीत झोपाळा होता आणि खिडकीतून समुद्र दिसत होता!

नंदकुमार खाकरले. "साकीनाक्याला समुद्र कधी..."

"हाहाहाहा!" मागची अख्खी रांग एका तालात हसली आणि एका तालात थांबली.

अस्मिताने मागे वळून नको नको म्हणून दोन्ही हात हलवले. अंधारात मंडळाला वाटलं, आणखी जोरात हवंय!

मग वाटच लागली. नायिका उंच टाचा घालून मरोळच्या चिखलातून नाचत कामावर निघाली. नंदकुमार खाकरले, हशा! साहेब केळ्याच्या सालीवरून घसरला. नंदकुमारांना त्यात बोलण्यासारखं काही दिसलं नाही, म्हणून तिथे स्मशानशांतता.

पुढे नायिकेच्या वडिलांचा प्रसंग आला. लेकीला शहरात धाडताना एसटीच्या खिडकीत लाडवांचा डबा देणारा तो म्हातारा गावी वारला. थिएटरात कुणीतरी मुसमुसलं. नंदकुमारांना एकदम भरून आलं. त्यांनी लेकीचा हात घट्ट धरला, आणि आवंढा लपवायला...

"बाबा, नको!"

खाकरले.

"हाहाहाहा!"

पुढची बाई ताडकन उभी राहिली. "लाज नाही वाटत? मेलाय ना तो!"

मंडळाने घाबरून तोंडाला पदर लावले. आणि नेमकं तेव्हाच घरमालक पडद्यावर आला! मुलग्यांचं वाक्य झालं, पाण्याचं झालं. शांतता. अस्मिता खाकरली. पुन्हा खाकरली. जीव तोडून खाकरली. मागून मंडळातल्या शांताबाईंचा हात पुढे आला. हातात लवंग होती.

"चघळ गं, घसा बसलाय तुझा."

सिनेमा संपल्यावर बाहेर कुंदाकाकू धापा टाकत नंदकुमारांसमोर उभ्या राहिल्या. "अहो भाऊजी, किती ते खाकरायचं! हसून हसून जबडे निखळले आमचे. अस्मिता एकदाच म्हणाली होती हो!"

नंदकुमारांनी लेकीकडे पाहिलं. लेकीने पॉपकॉर्नच्या रिकाम्या डब्यात पाहिलं. त्यांच्या डोक्यात सगळं चोख बसलं.

"बाबा, माझं ऐका तरी..."

नंदकुमार खाकरले. "सोमवारपासून क्लास."

"हाहाहाहा!" मंडळाने आता सवयीनेच उचललं. त्यांचं बघून पुढच्या खेळाला थांबलेली गर्दीही खदखदून हसली. "सिनेमा झकास दिसतोय यार!" एकजण म्हणालासुद्धा.

दिवसभरात एवढा हशा दुसऱ्या कुठल्याच वाक्याला आला नाही. फक्त ते वाक्य अस्मिताने लिहिलेलं नव्हतं, तिच्या बाबांचं होतं!