मुंजाभाऊंचा एप्रिल

कंपनीच्या चहाचा कप हातात घेण्याआधी मुंजाभाऊ विचारतात, "ह्ये पगारात धरतेत का?" चेष्टेने नव्हे, कपाळाला आठ्या घालून विचारतात. आपण 'नाही' म्हटलं की अर्धा कप पितात. उरलेला अर्धा तसाच ठेवतात, न जाणो!

पाथरीला आमच्या बियाणे कंपनीचं गोडाऊन आहे, ते मुंजाभाऊ सांभाळतात. मी शेजारच्या टेबलावर पगारपत्रकं करतो, त्यामुळे त्यांच्या भीतीचा पहिला वाटा माझ्या पदरात पडतो. एका दिवाळीला कंपनीने सगळ्यांना कुकर दिला. आमच्या घरी लगेच खिचडी शिजली. मुंजाभाऊंचा कुकर खोक्यासकट माळ्यावर गेला. "उद्या कुणी विचारलं, तर जसाच्या तसा वापस देता येतो." गंमत म्हणजे या माणसाचा पगार आयकराच्या उंबरठ्यापर्यंतही पोचत नाही. तसं सांगितलं तर म्हणतात, "आज न्हाई म्हणून उद्या न्हाई का?" सरकारी शिक्क्याचं पाकीट दिसलं की ते दोन पावलं मागे सरतात, मग ते शेजाऱ्याचं का असेना.

अशा माणसाला कंपनीने आरोग्य विमा दिला. सगळ्या घराला मिळून वर्षाला तीन लाखांचा, आणि हप्ता कंपनी भरणार. आम्ही सगळे खूश. मुंजाभाऊ मात्र आठवडाभर धड जेवले नाहीत. "मालक आपल्या दवाखान्याचं भरायलाय म्हणजे पगारच द्यायलाय की! अन् पगार म्हणलं की टॅक्स आलाच."

शेवटी मी कंपनीच्या सीए बाईंना फोन लावला. बाईंनी शांतपणे समजावलं. कंपनी भरते तो हप्ता कामगाराच्या पगारात धरत नाहीत. विमा कंपनी दवाखान्याचं बिल चुकतं करते, तेही आपलं उत्पन्न नाही. फक्त तो हप्ता आपल्या सवलतीत दाखवायचा नाही. स्वतःच्या खिशातून जे भराल तेवढंच दाखवता येतं, तेही कर जुन्या पद्धतीने भरत असाल तर.

"लिहून देता का, मॅडम?" मुंजाभाऊंनी विचारलं.

बाईंनी खरंच लिहून पाठवलं. मुंजाभाऊंनी त्याची छापील प्रत काढून घेतली आणि घडी घालून चष्म्याच्या डबीत ठेवली. मला वाटलं, सुटलो.

यंदा जानेवारीत पोती मोजता मोजता ते एकदम खाली बसले. तपासलं तर हर्निया. डॉक्टर म्हणाले, आतडं अडकलं तर जिवावर बेतेल, लवकर ऑपरेशन करून घ्या. पन्नासेक हजारांचं काम, आणि विमा तर होताच. मी कागद भरून त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी हात लावला नाही.

"एप्रिलात बघू."

"एप्रिलात काय आहे, मुंजाभाऊ?"

"मार्च सरू द्या. ह्या सालच्या हिशेबात यायला नको."

मी बाईंच्या कागदाची आठवण करून दिली. ते म्हणाले, "कागद खरा हाय. पण सरकार बी खरं हाय ना!"

गोडाऊनभर हसू झालं. दोन महिने आम्हाला चहाबरोबर हाच विषय पुरला, आणि सगळ्यात जास्त नकला मीच केल्या. पण आतून माझा जीव टांगणीला लागलेला. ते ओटीपोट हाताने दाबून चालायचे. त्यांना खोकला आला की माझं पेन थांबायचं. सरकारी दवाखान्यात चला म्हटलं, तर तिथलंही विचारून आले होते. नंबर मे महिन्यात होता.

दुपारी त्यांच्या बायको, शांतावहिनी, डबा घेऊन यायच्या. घर समोरच, तरी दारातल्या दोन पायऱ्या चढल्या की चौकटीला धरून दम खायच्या आणि मग माझ्यावर बरसायच्या. "सर, तुमी तरी समजून सांगा. जिवापरीस टॅक्स मोठा हाय का? मी सांगून सांगून थकले."

मार्चच्या मध्यात एका दुपारी मुंजाभाऊ वजनकाट्याशी वाकले ते वर उठेचनात. चेहरा पांढराफटक, अंगाला दरदरून घाम. दहा मिनिटांनी कळ ओसरली, पण मला भीतीपेक्षा राग जास्त आला. आजच्या आज दवाखान्यात टाकायचंच, असं ठरवून मी विमा एजंटाला फोन केला.

"मुंजाभाऊ का?" एजंट म्हणाला. "त्यांचे जानेवारीपासून चार फोन येऊन गेले. दर वेळी एकच विचारतात. 'माझं झालं तर तिचं किती उरतं?'"

मी फोन ठेवला आणि त्यांच्यासमोर जाऊन बसलो. काही विचारायची गरजच पडली नाही, माझ्या तोंडावरून त्यांना कळलं. त्यांनी दार लोटून घेतलं.

"हिच्या काळजाची झडप खराब हाय," ते हळू आवाजात म्हणाले. "नांदेडच्या डॉक्टरनं डिसेंबरातच सांगितलं, मला एकट्याला. ऑपरेशन कवाबी लागंल. तीन लाख पुरे लागतेत. एक एप्रिलपासून कंपनी विमा पाच लाखांचा करायलीय, मग दोघांचं बी भागंल. तवर त्यातला रुपया बी मला हलवायचा न्हाई."

"वहिनींना माहीत नाही?"

"न्हाई. सांगितलं तर भेवानंच जायची. टॅक्सला भ्यायलोय असं समजायलीय, तेच बरं हाय."

मला माझ्या नकला आठवल्या आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. एप्रिलला अजून पंधरा दिवस होते. तोवर दोघांपैकी एकाचंही काहीही होऊ शकत होतं.

तेवढ्यात दार उघडलं. वहिनी डबा घेऊन चौकटीला टेकल्या होत्या. नवऱ्याचा घामाने भिजलेला सदरा बघून त्यांचा पारा चढला.

"सर, एवढा भित्रा माणूस कुठं बघितलाय का हो तुमी?"

मुंजाभाऊ माझ्याकडे बघत होते.

"नाही, वहिनी," मी म्हटलं. "एवढा भित्रा माणूस मी नाही बघितला."