एका व्हॉल्व्हची खातेनिहाय चौकशी

काम चालू ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही, काम बंद करायला मात्र लागते. शिस्त म्हणतात ती हीच. ज्या संस्थेत हे तत्त्व पाळलं जातं ती संस्था टिकते, आणि जिथे कुणीही उठून काम थांबवतो तिथे शेवटी प्रशासक येऊन बसतो.

कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीतली सोनरस फळप्रक्रिया सहकारी संस्था मर्यादित ही टिकणाऱ्यांपैकी. (मर्यादित हा शब्द फक्त नावात आहे.) इथे संत्र्याचा रस निघतो. उरलेल्या साली टाकीत कुजवतात, त्यातून गॅस निघतो, गॅसवर इंजिन चालतं, इंजिनावर वीज तयार होते आणि त्या विजेवर पुन्हा रस निघतो. संत्र्याचं काहीच वाया जात नाही. वाया जातं ते माणसांचं, आणि त्याची नोंद ठेवण्याची पद्धत नाही.

इंजिन बनवणाऱ्यांनी त्याच्यासोबत एक संशयी जोडी पाठवली होती. भिंतीवर गॅस हुंगणारी एक डबी, आणि गॅसच्या नळीवर त्या डबीच्या ऐकण्यातला एक व्हॉल्व्ह. खोलीत गॅस पसरला की डबी इशारा करायची आणि व्हॉल्व्ह गॅस तोडायचा. आधी गॅस बंद, मग जराशा अवकाशाने ठिणगी बंद, म्हणजे मधल्या वेळात आत उरलेला गॅस जळून जावा. जाताना हातातलं काम आवरून जायची ही सवय संस्थेच्या कायम कर्मचाऱ्यांतसुद्धा आढळत नाही. पण गुणी नोकरात एखादी खोड असतेच. ह्या व्हॉल्व्हची खोड अशी की तो कुणाला विचारत नसे.

खंडेनवमीला ह्या खोडीचा कळस झाला.

त्या दिवशी यंत्रांची पूजा असते. इंजिन चालवणाऱ्या सुशीलने आदल्या दिवशी इंजिन धुतलं, पुसलं, त्याला गंध लावलं. व्हॉल्व्ह आणि इंजिन यांच्यामध्ये गॅसच्या नळीवर एक पितळी कॉक होता. तो काळा पडलेला बघून सुशीलच्या जिवाला बरं वाटेना. त्याने कॉक काढला, चिंचेने घासला, सोन्यासारखा लखलखीत केला आणि परत बसवला. नवमीला संचालक मंडळ आलं. अध्यक्ष भैय्याजींनी ताटात कापराची ढेप ठेवली, पेटवली, आरती सुरू झाली, आणि पहिल्याच कडव्याला इंजिन बंद पडलं. पंखे थांबले, दिवे गेले, माईक मुका झाला. नारळ हातातच राहिला.

"हे काहून बंद पडलं गा?" भैय्याजींनी विचारलं.

"व्हॉल्व्हनं बंद केलं, साहेब," सुशील म्हणाला.

"कोणाले विचारून?"

खोलीत काय पसरलं होतं, पेटता कापूर कशाजवळ धरला होता, असले फालतू प्रश्न त्या प्रसंगी कुणीही विचारले नाहीत, हे मंडळाच्या संस्कारांना धरूनच झालं. व्हॉल्व्हची खातेनिहाय चौकशी करण्याचा ठराव तिथल्या तिथे, अंधारात, एकमताने मंजूर झाला.

चौकशी अधिकारी म्हणून मधुकररावांचं नाव येणार हे ठरलेलंच होतं. ते आस्थापना अधीक्षक. त्यांच्या चौकशीतून आजवर एकही माणूस निर्दोष सुटलेला नव्हता. (एक सुटला होता, पण निकालाच्या आधीच तो वारला होता.) इंजिनातलं त्यांना काही कळत नव्हतं, त्यामुळे निःपक्षपातीपणाची खात्री होती.

पण ह्या वेळी मधुकररावांचा जीव एका गोष्टीत अडकला होता. त्यांची मुलगी दीप्ती, बीएस्सी रसायनशास्त्र, संस्थेच्या प्रयोगशाळेत तात्पुरती म्हणून लागली होती आणि तात्पुरतीच राहिली होती. तिला कायम करण्याचा कागद भैय्याजींच्या टेबलावर होता. चौकशीचं सांगताना भैय्याजींनी त्या कागदावर हात ठेवला आणि म्हणाले, "मधुकरराव, तुमी सिनिअर माणूस. तुमाले का सांगा लागते?" मधुकररावांना काही सांगावं लागलं नाही. पोरगी एकदा कायम झाली की डोळे मिटायला मोकळे, एवढंच त्यांच्या मनात होतं.

दोषारोपपत्र तयार झालं. एक, पूर्वपरवानगीशिवाय काम बंद पाडणे. दोन, माननीय अध्यक्षांच्या हाती आरतीचे ताट असताना बंद पाडणे. तीन, असे यापूर्वीही वेळोवेळी करणे, म्हणजेच सवय. पत्र व्हॉल्व्हवर डकवण्यात आलं आणि खुलाशासाठी मुदत देण्यात आली. व्हॉल्व्हने खुलासा दिला नाही. मग चौथा आरोप वाढला, वरिष्ठांच्या पत्रास उत्तर न देणे.

साक्षीला सुशील आला. मधुकररावांनी विचारलं, "त्या दिवशी खोलीत गॅस होता का?"

"साहेब, आपल्या इथं तं गेटापासूनच संत्र्याचा वास असते. त्यातून गॅसचा कसा समजन?"

हे उत्तर लिहून झालं. मग सुशीलने दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाला, "साहेब, लिहू नका जी, पण तो कॉक मी हातानंच बसवला. पाना नाही लावला."

"काहून?"

"चरे पडले असते नं. एवढा चमकवला होता."

मधुकररावांनी पेनाला टोपण लावलं. माणूस हुशार होता, सगळं एका क्षणात कळलं. हे लिहिलं तर सुशील घरी जातो. गॅस होता असं ठरलं तर भैय्याजींनी गळक्या नळीला कापराने ओवाळलं असंही ठरतं, आणि मग दीप्तीचा कागद टेबलावरच पिवळा पडतो. उलट व्हॉल्व्ह दोषी ठरला तर कुणाच्याच घरची चूल विझत नाही. व्हॉल्व्हला बायको नाही, पोरं नाहीत, तो कामगार संघटनेकडे जात नाही. न्यायाच्या इतिहासात इतका सोयीचा आरोपी मिळणं कठीण.

अहवाल एकोणीस पानांचा झाला. निष्कर्ष असा की खोलीत वास होता तो संत्र्याचा, आणि त्याला गॅस समजणं हा व्हॉल्व्ह व डबी यांचा संगनमताने झालेला भ्रम. व्हॉल्व्हला गॅस तोडण्याच्या कामावरून निलंबित करण्यात आलं. त्यासाठी फार काही करावं लागलं नाही. डबीच्या दोन टोकांमध्ये तारेचा एक तुकडा जोडला, की डबीला काहीही वाटलं तरी गॅस चालूच राहतो. हा तुकडा प्रभारी म्हणून रुजू झाला. मनमिळाऊ स्वभाव, कामात कधी अडथळा नाही, वर्षभरात एकही तक्रार नाही. असे प्रभारी सहकारी क्षेत्रात बरेच आहेत, पण इतके स्वस्त नाहीत.

कॉक कसायचा राहिला. राहिला म्हणजे विसरला असं नव्हे. गळती नव्हती असा निष्कर्ष मंजूर झाल्यावर पाना लावणं म्हणजे निष्कर्षावर अविश्वास दाखवणं. सुशील इतका वाह्यात नव्हता.

आता एक तांत्रिक अडचण उभी राहिली. कागदोपत्री हुंगण्याचं काम रिकामं ठेवता येत नव्हतं. म्हणून 'वास सहायक (कनिष्ठ)' हे पद निर्माण करण्यात आलं. अर्हता: विज्ञानाची पदवी व नाक. कर्तव्यं: इंजिनखोलीत पूर्णवेळ बसणे, संशयास्पद वास आल्यास टिपणी लिहिणे, टिपणी योग्य मार्गाने अध्यक्षांकडे पाठवणे, मंजुरी आल्यावर लाल बटण दाबून इंजिन बंद करणे. सोबत माहिती जोडली होती की संस्थेत येणारे अठ्ठ्याण्णव टक्के वास संत्र्याचे असतात, उरलेल्या दोन टक्क्यांचा अभ्यास चालू आहे.

भैय्याजी शब्दाचे पक्के. त्यांनी स्वतः मधुकररावांच्या टेबलापर्यंत येऊन कागद दिला. "घ्या, तुमच्या पोरीले कायम करून टाकलं."

मधुकररावांनी त्याच दिवशी ऑफिसात संत्रा बर्फी वाटली. दुसरा तुकडा तोंडात असताना त्यांनी आदेश नीट वाचला. पदाचं नाव वाचलं, ठिकाण वाचलं. बर्फी गिळली गेली, पण त्यानंतर त्यांनी आयुष्यात संत्रा बर्फी खाल्ली नाही.

त्यांना भीती वाटली, साधी, बापाला वाटते तशी. एवढी वर्षं इंजिन थांबलं की ते चिडायचे, कारण पंखा थांबायचा. आता भिंतीपलीकडून येणारी घरघर ते दिवसभर ऐकत बसत आणि ती थांबावी असं त्यांना वाटे. ती थांबत नसे. तारेने एकदाही काम बंद पाडलं नाही. 'अखंड वीज' म्हणून मंडळाने इंजिनाला प्रशस्तिपत्र दिलं, ते फ्रेम करून तारेच्या शेजारीच लावण्यात आलं.

मग लकडगंजचे व्यापारी रस बघायला आले. भैय्याजी त्यांना यंत्रातून पडणारी रसाची धार दाखवत होते, एवढ्यात धार थांबली. दिवे गेले. दीप्तीने बटण दाबलं होतं.

भैय्याजी इंजिनखोलीच्या दारात आले. दीप्ती ओंजळीत तोंड धरून बाहेरच्या पायरीवर बसली होती.

"कोणाले विचारून?" भैय्याजींनी विचारलं.

दोषारोपपत्र पुन्हा टाइप करायची गरज पडली नाही. जुन्यातलं नाव तेवढं बदललं, आरतीच्या जागी व्यापारी घातले. चौकशी अधिकारीही तेच राहिले. नातं आड येत नाही का, असं कुणीतरी विचारलं, तेव्हा भैय्याजी म्हणाले की मधुकररावांच्या हातून आजवर कोण सुटलं.

दीप्ती समोरच्या खुर्चीत बसली. "साहेब म्हणू का बाबा?"

"साहेब म्हण. टिपणी न लिहिता बटण काहून दाबलं?"

"टिपणी लिहीपर्यंत मी शुद्धीवर राहिली नसती, साहेब. डोकं गरगरलं, उलटी झाली."

"संत्र्याच्या उग्र वासानेही होते तसं."

"बाबा, तो पितळी कॉक ढिला आहे. पान्याने अर्धा फेरा द्या फक्त. बाकी माझं काहीही करा."

मधुकररावांनी पेन खाली ठेवलं, चष्मा पुसला, परत लावला. "ते ह्या चौकशीच्या कक्षेत येत नाही," ते म्हणाले.

अहवाल त्याच दुपारी पूर्ण झाला. सर्व आरोप सिद्ध, तात्काळ निलंबन, इंजिनखोलीत पाऊल ठेवण्यास मनाई. ह्या शेवटच्या ओळीखाली मधुकररावांनी दोनदा रेघ मारली. सगळ्या नोकरीत इतक्या मनापासून त्यांनी कुणाला दोषी ठरवलं नव्हतं. सही त्यांनी आनंदाने केली. पोरगी त्या खोलीबाहेर आली. कायमपद गेलं ते गेलं.

दीप्ती त्यांच्याशी बोलेनाशी झाली. त्यांनी ते सोसलं. भिंतीपलीकडची घरघर आता त्यांना गोड वाटते, कारण तिथे आपलं कुणी नाही. तिथे फक्त सुशील असतो.

आपण म्हणाल, पाना घेऊन अर्धा फेरा द्यायला काय जातं? सूचना चांगली आहे. लेखी द्या, योग्य मार्गाने.

येत्या खंडेनवमीची तयारी जोरात आहे. भैय्याजींनी ह्या खेपेला कापूर जास्त मागवला आहे. त्या दिवशीच्या किरकोळ रजेसाठी मधुकररावांनी अर्ज टाकला आहे. एकूण कर्मचाऱ्यांपैकी एक्क्याण्णव टक्क्यांनी टाकला आहे, कारण सगळ्यांचं एकच, घरगुती. सुशीलचा अर्ज नामंजूर झाला, इंजिनापाशी कुणीतरी लागतं. त्याने चिंच भिजत घातली आहे.

निलंबित दीप्ती घरी बसून असते. परवा तिने ओट्याखाली वाकून शेगडीची नारिंगी नळी हातात घेतली, तिच्यावर छापलेली मुदत वाचली आणि सिलिंडर बंद करून टाकला.

"नवी नळी आल्याशिवाय चहा नाही," ती म्हणाली. बऱ्याच दिवसांनी तिच्या तोंडून आलेलं हे पहिलं वाक्य.

"काहून वं?" तिची आई देवकी म्हणाली. "इतके वर्ष काही नाही झालं, तं आजच का होते? अहो, सांगा नं हिले."

मधुकरराव उठून स्वयंपाकघराच्या दारात आले. नळीकडे पाहिलं, दीप्तीकडे पाहिलं. चौकशीचा त्यांचा अनुभव मोठा. दोन्ही बाजू ऐकून त्यांनी निकाल दिला, आणि देवकीने सिलिंडर चालू केला. चहा नेहमीसारखाच झाला.

मधुकररावांना हसायला हरकत नाही, ते हसण्यासारखेच आहेत. तुमच्याही ओट्याखाली तशीच नारिंगी नळी आहे आणि तिच्यावरही मुदत छापलेली आहे. ती कधीची आहे ते तुम्ही आज बघणारच आहात. फक्त आधी चहा होऊ द्या.