एकमताने खाली

“आज संध्याकाळी तू कायम नोकरीवाल्याची बायको असशील,” असं मी सकाळी घरात जाहीरच करून टाकलं.

“अकरा वर्षं ऐकतेय,” ती माझा डबा भरता भरता म्हणाली. “आधी फाईलवर सही होऊ द्या.”

पण आज सही होणारच होती! मी सभागृहाच्या इमारतीतला लिफ्टमन, हंगामी. सरकार चार पक्षांच्या आघाडीचं, बहुमत एका मताचं, आणि अकरा वाजता विश्वासदर्शक ठराव. “ठराव जिंकलो की पहिली सही तुझ्या फाईलवर,” असं खुद्द साहेबांनी, म्हणजे सरकारच्या प्रमुखांनी, माझ्याच लिफ्टमध्ये कबूल केलं होतं. तेव्हा सरकार वाचवणं ही आता माझीही जबाबदारी होती.

अकराला सहा मिनिटं कमी. बाकी सगळे चौथ्या मजल्यावर जाऊन बसलेले. आघाडीचे आठ जण मात्र, प्रत्येक पक्षाचे दोन, खाली हातात हात घालून एकजुटीचा फोटो काढून घेत होते. साहेबही त्यांतच. मी एकेकाला ओढून आत कोंबलं. लिफ्ट आठ माणसांची. मी नववा, पण काडीपैलवान. माझं वजन लिफ्टला काय कळणार?

लिफ्टला कळलं. जादा वजनाची घंटी कोकलायला लागली.

“एक जण उतरा, साहेब. जिन्याने दोन मिनिटांत पोचाल.”

“छत्रीवाल्यांचा एक उतरेल,” शिडीवाले म्हणाले.

“आमचा का?” छत्रीवाले उसळले. “निशाणी तुमची शिडी, तुम्हीच चढा जिना!”

“आणि दोनाचा एक झाल्यावर आघाडीत आमचं वजन काय राहिलं?”

“वजनाचीच तर भानगड आहे, साहेब!” मी कळवळून म्हणालो.

साहेबांनी तोडगा काढला. प्रत्येक पक्षाने एकेक माणूस उतरवावा. चौघे उतरले. पण आतले चौघे आधी पोचून काहीतरी पदरात पाडून घेतील, या धास्तीने लगेच परत आत घुसले. घंटी पुन्हा सुरू. अकराला दोन मिनिटं!

तेवढ्यात शिडीवाल्यांची नजर माझ्यावर पडली. “हा कुठल्या पक्षाचा?”

“कुठल्याच नाही,” मी म्हणालो, आणि तिथेच चुकलो. एका मताच्या सरकारने पहिला निर्णय एकमताने घेतला. मी खाली!

घंटी थांबली. दार बंद झालं. मी आनंदाने टाळी वाजवायला गेलो, ती नीट वाजेना. बघतो तर हातात लिफ्टची किल्ली! लिफ्ट सोडताना किल्ली काढून घ्यायची, ही अकरा वर्षांची सवय. तिच्याशिवाय लिफ्ट हलत नाही की दार उघडत नाही, आणि किल्लीचं भोक आत.

आतून आठही जण एका सुरात माझा उद्धार करत होते. इतकी एकजूट फोटोतसुद्धा आली नसेल. मेकॅनिकने दार उघडलं तेव्हा वर सरकार सात मतांनी पडलं होतं. विरोधकांना दोन वर्षांत जमलं नाही, ते मी दोन मिनिटांत केलं.

“झाली सही?” संध्याकाळी बायकोने विचारलं.

“सरकार पडलं.”

“तुम्ही काय केलंत?”

चार दिवसांनी नवे साहेब लिफ्टमध्ये शिरले आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “तुझे उपकार आहेत बाबा! काय हवं ते माग.”

“कायम करा, साहेब!”

“केलं समज. फक्त मित्रपक्षांना विचारून घेतो.”

“किती आहेत?”

“सात. हे काय, आलेच!”

सातही जण आत शिरले. घंटी वाजली. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

या खेपेला मी शहाणा झालो होतो. किल्ली भोकातच ठेवली आणि उतरलो.