नापास दाढ

परीक्षकसाहेबांनी सकाळचा चहा मान वाकडी करून, फक्त डाव्या गालाने प्यायला सुरुवात केली, तेव्हाच बायकोने ओळखलं की आज काही खरं नाही.

"अहो, उजवी बाजू संपावर गेली वाटतं?"

"कुठे काय? सवय आहे माझी," साहेब म्हणाले. तेवढ्यात चहाचा एक चुकार घोट हद्द ओलांडून उजवीकडे शिरला आणि साहेब कप हातात धरूनच स्वयंपाकघरात गोल फेरी मारून आले.

"गाल बघा आरशात. रात्री अंगही तापलं होतं तुमचं. काढून टाका ती दाढ एकदाची!"

"काढून टाका म्हणे! दाढ आहे ती, शर्टाचं बटण नव्हे. दादाने एक काढली, तर वर्षभरात शेजारच्या दोन गेल्या."

"भावोजींच्या तिन्ही किडलेल्या होत्या. पहिलीने काय बोलावून नेलं का बाकीच्यांना?"

खरी गोष्ट अशी होती की, वाहन परवाना कार्यालयात भल्याभल्यांना घाम फोडणारा हा माणूस रस्त्यात दंतवैद्याची पाटी दिसली की पलीकडच्या फुटपाथवर जात असे. गेले कित्येक दिवस ते दाढेला लवंग, मिठाचं पाणी आणि गोळ्या दाखवून झुलवत होते. आता दाढेच्या ते लक्षात आलं होतं.

कार्यालयात त्या दिवशी ड्रायव्हिंगच्या चाचण्या होत्या. साहेब उमेदवाराच्या शेजारी बसले, गाडी निघाली आणि पहिल्याच गतिरोधकावर दाढेतून अशी काही कळ उठली की त्यांच्या तोंडून "स्स्स!" असा आवाज निघाला. उमेदवार होता एक जाडजूड किराणा दुकानदार. आपलं काहीतरी चुकलं असं समजून त्याने ऐन चढावर गाडी थांबवली आणि ती मागे मागे येत कचरापेटीला टेकली. त्याच्यानंतरच्या मुलीने साहेबांचं "आई गं!" ऐकून हँडब्रेक खेचला आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडायला लागली. दुपारपर्यंत एकही माणूस पास झाला नव्हता.

"साहेब, आज निकाल फारच कडक लागतोय," हेडक्लार्क म्हणाला. "दाढ का? दुखली की काढायची, सरळ हिशेब. माझ्या मेव्हण्याने सगळेच दात काढून टाकले. आता एकदम निवांत आहे."

"मग खातो काय?"

"तेवढा एक प्रश्न राहिलाय," हेडक्लार्क म्हणाला.

साहेब थंड पाण्याची बाटली गालाला लावून पुन्हा गाडीत जाऊन बसले. पुढची उमेदवार होती चाळिशीतली एक बाई. ती तिसऱ्यांदा आली होती, आणि आधीच्या दोन्ही वेळा साहेबांनीच तिला घरी पाठवलं होतं. तिने देवाचं नाव घेतल्यासारखे डोळे मिटून उघडले आणि गाडी सुरू केली. गिअर बदलला, गाडीला किंचित झटका बसला.

"स्स्स!"

बाईंचा पाय थरथरला. मग त्यांनी साहेबांकडे नीट पाहिलं आणि त्यांचा चेहरा एकदम बदलला.

"खालची दाढ ना? शेवटची, की शेवटून दुसरी?"

"समोर बघा."

"गारने ठणकते की गरमने?"

"आरशात बघा, बाई! माझ्या तोंडात काय बघताय?"

"गरम लागलं की ठणकते आणि गार पाण्याने बरं वाटतं, असं असेल तर आतली नस गेली म्हणून समजा."

साहेब चपापले. गेले चार दिवस ते गार पाण्याची बाटली तान्ह्या बाळासारखी जवळ घेऊन फिरत होते. हिला कसं कळलं, असं त्यांच्या मनात येतं न येतं तोच, गालाची सूज बघायला बाई आणखी थोड्या वळल्या. स्टिअरिंगही बाईंबरोबर वळलं. समोर रस्त्याच्या कडेला एक माणूस शिडीवर चढून दिव्याचा खांब रंगवत होता. साहेबांनी आपल्या बाजूचा ब्रेक सगळा जीव एकवटून दाबला. गाडी शिडीपासून हातभर अंतरावर थांबली. साहेबांचा खालचा जबडा मात्र न थांबता वरच्या जबड्यावर जाऊन आदळला.

कट्ट!

"नापास!" साहेब दोन्ही हातांनी तोंड धरून म्हणाले.

"ते ठीक आहे. पण हा आवाज दाढेचा होता. साहेब, मी दातांची डॉक्टर आहे. आज संध्याकाळपर्यंत कुणाला तरी दाखवाच. मी स्वतः..."

"नापास केलेल्या उमेदवाराकडून मी सुईसुद्धा घेत नाही!"

"सुई तर घ्यावीच लागेल," बाई हळूच म्हणाल्या.

साहेब तत्त्वाचे पक्के होते, पण दाढेला तत्त्वबित्त्व काही नव्हतं. दुपारी त्यांनी अर्धी रजा टाकली आणि आयुष्यात पहिल्यांदा दंतवैद्याची पाटी शोधत निघाले. पहिला डॉक्टर परगावी गेला होता. दुसऱ्याच्या दारात ते चप्पल काढत असतानाच आतून कुणीतरी असं ओरडलं की साहेबांनी चप्पल पुन्हा पायात सरकवली आणि जिना उतरताना एक पायरी गाळली. घरी आले तेव्हा गाल फुगून डोळ्यापर्यंत पोचला होता आणि तोंड जेमतेम बोटभर उघडत होतं.

"आता माझं ऐकायचं," बायको पर्स खांद्याला लावत म्हणाली. "माझ्या मैत्रिणीची अक्कलदाढ एका डॉक्टरीणबाईंनी काढली. हात इतका हलका, की काढून झाल्यावर ही विचारते, कधी काढणार?"

साहेबांच्या मनात एक शंका चमकून गेली. पण गावात दातांच्या डॉक्टरीणबाई काय एकच असतात? त्यांनी निळी गाडी काढली. एका हाताने गाल आणि दुसऱ्या हाताने स्टिअरिंग धरून ती कशीबशी चालवली आणि दवाखान्याच्या बाजूच्या बोळात जिथे थांबली तिथेच सोडली. दुसऱ्या कुणी अशी गाडी लावली असती, तर साहेबांनी त्याला तिथल्या तिथे व्याख्यान दिलं असतं.

दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या तोंडावर मास्क होता. पण आवाजावर मास्क नव्हता.

"या साहेब. बसा. पाय सरळ."

साहेब उलट्या पावली वळले. दारात बायको उभी होती, आणि तिने पर्स आडवी धरली होती. आगीतून फुफाट्यात पडावं तसे ते खुर्चीत पडले.

दुपारी स्टिअरिंगवर ज्यांचे हात कापत होते, त्या बाई या खुर्चीशेजारी निराळ्याच होत्या. त्यांचा हात हवा तिथे, हवा तेवढाच जात होता. कापत होते ते साहेब.

"तोंड उघडा. आणखी थोडं. जीभ मध्ये आणू नका. मान डावीकडे. साहेब, डावीकडे. ही उजवी झाली."

जन्मभर लोकांना डावं-उजवं शिकवलेल्या साहेबांना घाम फुटला. बाईंनी ब्लडप्रेशर, साखर, चालू असलेल्या गोळ्या, सगळं विचारून घेतलं, दाढेचा फोटो काढला आणि पडद्यावर दाखवला.

"काढावी लागेल."

"तुम्ही हे... मुद्दाम तर नाही ना?" साहेबांनी दातांच्या फटीतून विचारलं. "दुपारी मी नापास केलं म्हणून?"

"अहो!" बायको ओरडली.

बाई मात्र रागावल्या नाहीत. "हे बघा, दुखतो म्हणून दात काढत नाहीत. बोट दुखलं तर आपण बोट तोडतो का? कीड असेल तर भरतो, नस गेली असेल तर आतून साफ करून वर टोपी घालतो. वाचवता येतो तोवर दात वाचवायचाच. दोन महिन्यांपूर्वी आला असतात, तर हीसुद्धा वाचली असती."

"मग?"

"मग तुम्ही लवंगा चावत बसलात. आत पू झाला, खालचं हाड खाल्लं गेलं. आज ब्रेक दाबलात तेव्हा ती मुळापर्यंत उभी चिरली. ही काळी रेघ दिसते? चिरलेलं मूळ जोडता येत नाही. ठेवली तर पू जबड्यात पसरेल. तिच्या पुढची दाढपण किडलीय, पण तिला मी हात लावणार नाही. ती वाचेल."

हे शेवटचं वाक्य ऐकून साहेबांनी मान मागे टेकली. सूड घ्यायचा असता, तर हिने दोन्ही काढल्या असत्या. त्यांनी डोळे मिटले. सुई टोचली, जबडा जड झाला, ओठ दुसऱ्याच कुणाचा तरी वाटायला लागला. थोडी ओढाताण, थोडा कुरकुर आवाज, आणि वाटीत काहीतरी टणकन पडलं.

"झालं. हा कापसाचा बोळा तासभर घट्ट चावून धरायचा. बोलायचं नाही, थुंकायचं नाही."

"तासभर बोलायचं नाही?" बायकोचे डोळे लकाकले. "डॉक्टर, दोन तास म्हणा ना. आणि तुम्ही काळजी करू नका. हे तुम्हाला पास करतील. मी बघते."

"ऊं! ऊं ऊं!" साहेब खुर्चीत अर्धवट उठले.

"बघा, हो म्हणतायत."

"नको, ताई," बाई म्हणाल्या. "मी रस्ता सोडून यांच्या गालाकडे बघत होते. मी नापासच."

साहेबांनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत आपण नापास झालो हे मान्य करणारा माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटत होता.

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. बाहेर घामाघूम झालेला एक ट्रकवाला उभा होता.

"ती निळी गाडी कोणाची? अर्धा तास झाला, ट्रक आत अडकलाय! मागे अजून दोन टेम्पो. कुठल्या शहाण्याने लायसन दिलं हो गाडीवाल्याला?"

साहेब किल्ली घेऊन तरातरा उठले, दोन पावलं चालले आणि तिसऱ्याला भिंत धरून खाली बसले. दिवसभर पोटात अन्न नव्हतं, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते.

"तुम्ही गाडी चालवायची नाही," बाईंनी बजावलं. बायकोला गाडी येत नव्हती. ट्रकवाला म्हणाला, "द्या इकडे, मी काढतो," पण त्याच्या तोंडाला दारूचा असा काही वास येत होता की साहेबांनी किल्ली छातीशी धरली. बाहेर टेम्पोवाले हॉर्नवर हॉर्न वाजवत होते.

"माझ्याकडे शिकाऊ परवाना आहे," बाई हातमोजे काढत म्हणाल्या. "शेजारी पक्का परवानावाला बसला तर चालतं ना, साहेब?"

साहेबांना नियम पाठ होता. नियमाप्रमाणे चालत होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ! त्यांनी मान हलवली.

बोळ अरुंद होता. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला उघडं गटार, मागे ट्रक. बाईंनी गाडी सुरू केली. साहेबांनी सवयीने श्वास आत ओढला, पण तोंडात बोळा होता. "स्स्स" निघाला नाही. "च्च" निघाला नाही. "अहो, समोर!" हे तर मनातल्या मनातच राहिलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

गाडी लोण्यातून सुरी निघावी तशी बोळातून बाहेर आली. पण पुढचा रस्ता एकेरी होता, मागे वळायची सोय नव्हती.

"आता घरापर्यंतच सोडते," बाई म्हणाल्या. "मी चालत परत येईन."

मोठा चौक आला, सिग्नल आला, मध्येच एक सायकलवाला आडवा गेला. बाईंनी वेग कमी केला, त्याला जाऊ दिलं, पुन्हा गिअर टाकला. गाडीला झटकासुद्धा बसला नाही. मागच्या सीटवर बायको गुणगुणत होती.

"साहेब, रागावणार नसाल तर एक सांगू?" बाई रस्त्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "तुम्ही शेजारी स्स्स केलंत की माझा पायच माझा राहत नाही. माझ्या खुर्चीशेजारी दिवसभर कुणी असं करत बसलं ना, तर मीही भलताच दात उपटीन."

साहेबांचा हात आपोआप डाव्या गालावर गेला. त्यांना किराणा दुकानदार आठवला, स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडणारी ती मुलगी आठवली. आणि दाढ तर आत्ता आत्ता दुखायला लागली होती. त्याआधीची इतकी वर्षं आपण तोंडाने नक्की काय काय आवाज काढत होतो, हे आठवायचा प्रयत्न त्यांनी केला आणि मग नको म्हणून सोडून दिला.

घराशी आल्यावर बाईंनी शेजाऱ्यांची मोटारसायकल आणि फाटक यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत गाडी एका दमात मागे घेतली. खुद्द साहेबांना तिथे दोनदा पुढेमागे करावं लागत असे.

"बाई, किती छान चालवता हो!" बायको उतरत म्हणाली. "नाहीतर आमच्याकडे!"

साहेब उतरले आणि सवयीप्रमाणे गाडीभोवती फिरले. भिंतीपासूनचं अंतर बरोबर, चाकं सरळ. मनातल्या मनात ते "पास" म्हणणार, एवढ्यात गाडीच्या पुढच्या बाजूवर त्यांची नजर खिळली. ते धावत मागे गेले. तिथेही तेच. त्यांनी बोळा तोंडातून उपसून काढला.

"फाटी!" बधिर ओठांनी ते ओरडले. "एलची लाल फाटी! फुढे नाही, मागे नाही! शिकाऊ चालक, आणि फाटी न लावता भर चौकातून! गुन्हा आहे हा गुन्हा!"

"अगं बाई!" बायको घाबरली. "कोणाचा हो?"

"गाडी ज्याची आणि शेजारी जो फक्का फरवानावाला..." साहेब बोलता बोलता थांबले.

समोरच्या खिडकीचा पडदा हलला. डॉक्टरीणबाईंनी पर्समधून एक नवा बोळा काढला आणि पुढे धरला. साहेबांनी गल्लीत दोन्ही बाजूंना पाहिलं, बोळा घेतला आणि कुणी सांगायच्या आत घट्ट चावून धरला.