खोपेवाडीची शिरगणती

माझे सासरे पहिल्यांदा आमच्या हैदराबादेतल्या नल्लकुंट्याच्या घरी आले, तेव्हा त्यांचा चहा निवायच्या आत खालच्या मजल्यावरचे माणिकराव वर आले आणि त्यांना विचारते झाले, "मुख्य की सीमांतिक?" सासरे असे बावचळले, की जावई कुठल्या पंथात शिरलाय याची त्यांनी परतल्यावर चौकशी सुरू केली.

माणिकरावांची हयात जनगणनेच्या कचेरीत गेली होती. वर्षातले सहा महिने काम करतो तो मुख्य, त्याहून कमी करतो तो सीमांतिक, काहीच करत नाही तो बिनकामाचा. त्यांच्या जगात चौथी जात नव्हती. कोपऱ्यावरचा इराणी हॉटेलवाला मुख्य, गणपती सीमांतिक. "दहा दिवसांचं काम, मियाँ. देव असला म्हणून सवलत नक्को." माझ्या मेहुण्याकडे तर त्यांनी नुसतं पाहिलं आणि पेन खिशात ठेवलं.

सरकार दहा वर्षांनी मोजतं. माणिकराव निवृत्त झाल्यापासून दरसाल मोजत. पण एकच गाव, मराठवाड्यातली त्यांची खोपेवाडी. लाल कापडी वही थोपटत ते सांगत, गावातलं एकही डोकं कमी झालेलं नाही, एकही हात रिकामा नाही.

दिवस असे होते, की परदेशी कंपन्यांना देशाची दारं नुकतीच उघडली होती. नारायणगुड्यात बोळाबोळांत कॉम्प्युटर शिकवणीच्या पाट्या लटकत होत्या. सगळा मुलूख गाठोडं उचलून हैदराबादेत उतरत होता. आणि या खोपेवाडीतून कुणी हलतच नाही? हा चमत्कार बघायला मी त्यांच्याबरोबर गौलीगुड्याहून बस धरली. रस्ता असा, की उतरलो तेव्हा माझी उंची दोन बोटं कमी झाली होती.

पाहतो तर दर दुसऱ्या दाराला कुलूप. माणिकरावांनी पहिल्या कुलपाशेजारची कडी वाजवली, "नामदेवा" म्हणून हाक दिली, रीतीप्रमाणे थांबले आणि वहीत लिहिलं: शेतमजूर, मुख्य, तात्पुरता बाहेर. मग खिशातली डबी काढून चौकटीवरचा घरनंबर गेरूने गिरवला.

शेजारच्या ओट्यावरून रखमाबाई म्हणाली, "नामदेव तिकडं तुमच्याच शहरात वॉचमन झालाय. सात वर्षं झाली. न्हाई यायचा आता."

"तात्पुरता," माणिकराव म्हणाले.

सहा महिने बाहेर राहिला की नाव कमी करायचं, हा नियम मला त्यांनीच शंभरदा ऐकवला होता. गणपतीला सवलत न देणारा माणूस कुलपामागून कुलूप मोजत चालला होता.

शेवटचं घर त्यांचंच. नोकरीसाठी गाव सोडणारा पहिला माणूस आपणच, असं कुलूप काढता काढता ते पुटपुटले. मग उंबऱ्याच्या आत बसले आणि वही माझ्या हातात दिली.

"मोजणाऱ्याला स्वतःला मोजता येत नाही. दुसऱ्यानं विचारावं लागतं. हा रकाना दरसाल कोरा राहतो बघ."

मी नाव विचारलं, वय विचारलं. मग त्यांचाच प्रश्न, मुख्य की सीमांतिक.

"ते राहू दे. राहणार कुठले, ते विचार आधी."

विचारलं.

ते चुलीच्या थंड कोपऱ्याकडे बघत राहिले. "इथलाच."

गाव सोडून चाळीस वर्षं झाली होती. मी लिहिलं: तात्पुरता बाहेर.