भोयेसरांचं ‘कुणाच्या घरचं?’

भोयेसरांच्या हातावर पेढा ठेवला तरी ते आधी विचारत, “कुणाच्या घरचा?” उत्तर मिळेपर्यंत पेढा हातावर आणि हात हवेत.

जव्हारच्या आमच्या शाळेत संगणक आले तेव्हा सर त्या खोलीचे प्रमुख झाले आणि मी, तिथलाच एक मास्तर, माझ्या मते त्यांचा उजवा हात. मराठी टाइप करायचा एक फुकट प्रोग्रॅम होता. नागपूरकडच्या एका मुलानं तो नेटवर ठेवलेला, आतल्या कोडसकट. कुणीही उघडून बघावं, सुधारावं. सोबत अक्षर-आकड्यांची लांबलचक खूण. आपल्या कॉपीची खूण जुळली तर माल त्याच्याच घरचा. सर ती बोट ठेवून, पत्रिका जुळवल्यासारखी मोठ्यानं वाचत.

एकदा नवी आवृत्ती मी उतरवली. मुलाची साइट उघडेना, म्हणून भलत्याच साइटवरून.

“कुणाच्या घरचं, मास्तर?”

“त्याच पोराचं हो!” खूण कोण जुळवत बसतो? वर उत्साहानं पोशेऱ्याच्या शाळेला सीडीही देऊन आलो.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी कुणी हात न लावता मोडेम किंचाळायला लागला. आपला आपण फोन लावत होता! सरांनी वायर उपटली आणि सापाची शेपटी धरावी तशी धरून उभे राहिले. मग खूण वाचली. सुरुवातीलाच अडकले; पहिलीच अक्षरं जुळेनात.

“पोर त्याचंच, मास्तर. अंगात भूत दुसऱ्याचं.”

माझ्या मोटारसायकलवर आम्ही पोशेरा गाठलं. हेडमास्तर सीडी सोडेनात. “आता कुठं पोरं आपलं नाव टाइप करायला लागली, न् तुम्ही परत नेता?”

“तांदळात खडे निघालेत, गुरुजी. निवडून आणतो.”

परतून मशीनमधलं सगळं पुसलं, अस्सल कॉपी घ्यायला मुलाची साइट उघडली. तिथं भूत त्याचंच समजून जगभरचे लोक त्यालाच शिव्या घालत होते. खाली त्यानं लिहिलेलं : उद्या सगळं काढून टाकतोय.

म्हणजे पोरांचं मराठी गेलं! मी तडफदार निवेदन लिहायला घेतलं. त्यात माझं नाव सोडून सगळं होतं. सरांनी मला खुर्चीसकट बाजूला सारलं आणि एका बोटानं टाइप केलं : “भूत बाहेरच्यानं घातलं. खूण आम्ही जुळवली नाही. तुझं घर स्वच्छ आहे. जेवलास का?”

“सर, हे काय विचारणं झालं?”

“एकटा असेल तर विसरला असेल.”

संध्याकाळी उत्तर आलं : “आता जेवतो. साइट राहू देतो.”

सरांनी ते दोनदा वाचलं. मग पिशवीतून दुपारचा डबा काढला. तो उघडलाच नव्हता. नागलीची एक भाकरी माझ्यापुढे केली. मला खोडी सुचली.

“कुणाच्या घरची, सर?”

“माझ्याच,” ते म्हणाले. “रोज एक जास्तच थापतो. कुणी आलं तर.”